पंचवटीतल्या जागा कुणी ठरवल्या?

श्रोतेहो, आजचा विषय कानाला थोडा कोरडा वाटेल. शहराची नगरपालिका गावातल्या जागा कशा वाटून देते, कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे बाजार आणि कुठे मोकळी जमीन हे कसे ठरवते, याचा हा इतिहास आहे. इंग्रजी शिकलेले लोक याला ‘झोनिंग’ म्हणतात. पण शब्दाला बिचकू नका, कारण गोष्ट तुमच्या ओळखीची आहे. तुमच्या गावात चावडी कुठे, खळी कुठे, कुंभाराचा आवा कुठे, मसणवटा कुठे आणि आठवड्याचा बाजार कोणत्या पटांगणात, हे ठरलेलेच असते. गावठाण कुठे संपते आणि शिवार कुठून सुरू होते, हे शाळेतले पोरही सांगते. शहरात हीच गोष्ट कागदावर रंगाने आखतात, आणि त्या रंगावर लाखोंचे व्यवहार व माणसांची पोटे अवलंबून असतात. फरक एवढाच.

उदाहरणाला आपण नाशिकची पंचवटी घेऊ. गोदावरीच्या डाव्या तीरावरचा हा भाग. समोर उजव्या तीरावर जुने नाशिक, मध्ये रामकुंड, आणि खाली कपिला जिथे गोदेला मिळते तिथे तपोवन. तुम्हांपैकी पुष्कळांनी तिथे स्नान केले असेल, काळारामाचे दर्शन घेतले असेल, परतताना घाटावरून भाजी किंवा भांडे विकत घेतले असेल. ज्या पायरीवर तुम्ही उभे राहिलात ती पायरी कुणाची, आणि भाजीवालीला तिथे बसायला कुणी दिले, हा प्रश्न मात्र त्या वेळी मनात आला नसेल.

पंचवटीत पहिली आखणी केली ती नदीने. नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभी आहे. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आले, कमरेला आले, गळ्याशी आले, अशा मापाने नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले. काठावर नारोशंकराचे देऊळ आहे, त्याची मोठी घंटा प्रसिद्ध आहे. कुठवर पाणी येते हे ठाऊक असलेल्या लोकांनी घाट, देवळे आणि वाडे त्या हिशेबाने बांधले. ओट्याची उंची पाहा म्हणजे तो हिशेब समजतो.

दुसरी आखणी राज्यसत्तेने केली. सिंहस्थात आधी स्नान कुणी करायचे यावरून १७८९ साली शैव आणि वैष्णव साधूंमध्ये मोठा रक्तपात झाला. त्यानंतर पेशव्यांनी शैव आखाड्यांचे स्नान त्र्यंबकेश्वरी आणि वैष्णवांचे नाशकात रामकुंडावर, अशी विभागणी केली असे सांगतात. ती आजही पाळली जाते. तंटा मिटवायला जागा वाटून द्यावी लागते, हे राज्यकर्त्यांना तेव्हाही कळत होते.

तिसरी आखणी नगरपालिकेची. सन १८५० च्या कायद्याने गावकऱ्यांच्या इच्छेनुसार म्युनिसिपालिटी काढता येऊ लागली. नाशकात ती १८६४ साली स्थापन झाली. त्या काळच्या नगरपालिकेपुढे मुख्य काम होते स्वच्छतेचे. यात्रेची गर्दी, नदीचे पाणी आणि पटकीची साथ यांचा संबंध उघड होता. म्हणून दिवाबत्ती, गटारे, झाडलोट, खाटीकखाना वस्तीबाहेर नेणे, बाजाराला जागा नेमून देणे ही कामे तिच्याकडे आली. सुरुवातीला तिचा कारभार सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक चालवत. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडून आलेल्या सभासदांना हळूहळू जागा मिळाली. तरी मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्या मंडळींपुरताच होता. म्हणजे जागा ठरवणारे थोडे आणि त्या जागेवर जगणारे पुष्कळ, अशी स्थिती होती.

मग प्रश्न उभा राहिला की ‘सार्वजनिक’ म्हणजे कुणाचे? १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले म्हणजेच रावबहादुर एस. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या वा सांभाळलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गाला खुल्या कराव्यात असे त्यात होते. ठराव झाला, पण बहुतेक ठिकाणी तो कागदावरच राहिला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला, तरी पाणी घेण्यासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह करावा लागला. आणि २ मार्च १९३० रोजी पंचवटीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. भाऊराव ऊर्फ दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे नेटाने चालवला. मंदिर नगरपालिकेचे नव्हते हे खरे. पण त्या लढ्याने पंचवटीच्या रस्त्यांवर आणि घाटांवर एक गोष्ट कायमची नोंदवली. जागा कुणासाठी आहे हे केवळ वहिवाटीने ठरत नाही, न्यायानेही ठरावे लागते.

आता अलीकडचा काळ पाहू. नगररचनेचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली आला. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला विकास आराखडा करणे भाग पाडले. पुढे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला, आणि आज राज्यातले सगळे आराखडे त्यावर चालतात. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका तिच्यात विलीन झाल्या, आणि भोवतालची वीसहून अधिक खेडीही आली. पंचवटीच्या बाजूची आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद, नांदूर ही गावे त्यांतलीच. रात्रीतून शेतकरी शहराचा रहिवासी झाला. पीक तेच आणि विहीर तीच राहिली, परंतु सातबाऱ्यावरच्या जमिनीला आता नकाशातला रंगही चिकटला.

हा नकाशा कसा वाचायचा ते सांगतो. पिवळा रंग राहण्याच्या वस्तीचा, निळा व्यापाराचा, जांभळा कारखान्यांचा, हिरवा शेतीचा. त्याशिवाय काही जमिनींवर ‘आरक्षण’ असते, म्हणजे इथे पुढे शाळा, बाग, मंडई किंवा रस्ता होणार असे लिहिलेले असते. नाशिकचा आराखडा १९९३ साली मंजूर झाला. वीस वर्षांनी तो सुधारायचा असतो. २०१३ साली तयार झालेल्या मसुद्यावर इतका गदारोळ झाला की काम पुन्हा नव्याने करावे लागले, आणि सुधारित आराखड्याला सरकारची मंजुरी मिळाली ती २०१७ च्या जानेवारीत.

रंगाची गोष्ट किती गंभीर आहे हे तपोवनातल्या शेतकऱ्याला विचारा. बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. साधूंच्या मुक्कामासाठी तपोवनात साधुग्राम वसवावे लागते, आणि त्याला शेकडो एकर जमीन लागते. ती एक वर्ष लागते, पण जागा मात्र कायम राखून ठेवावी लागते. त्यांतली थोडीच जमीन महापालिकेच्या मालकीची होती. २०१५ च्या सिंहस्थात बाकीची जमीन शेतकऱ्यांकडून तात्पुरती भाड्याने घेतली गेली. मालक म्हणतो, “घ्यायची तर मोबदला देऊन घ्या, नाहीतर सोडा.” महापालिका म्हणते, “पैसा कुठून आणू?” दोघांचेही म्हणणे खोटे नाही. १९६६ च्या कायद्यातले १२७ वे कलम अशा मालकासाठी आहे. आराखडा अंमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जमीन घेतली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण सुटते. पण हे कलम ठाऊक नसेल तर दहाची वीस वर्षे होतात, मुले मोठी होऊन वाटण्या मागतात, आणि जमीन विकताही येत नाही, बांधताही येत नाही.

याच्या उलट बाजूही पाहा. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला काळारामाकडून रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी झाली, आणि ३९ भाविकांचा जीव गेला. अशा वेळी रस्ता रुंद हवा होता असे सगळेच म्हणतात. पण रुंद करायचा म्हणजे कुणाची तरी ओटी, कुणाचे तरी पूजासाहित्याचे दुकान काढायचे. नकाशावरची रेघ कुणाच्या तरी उंबऱ्यावरूनच जाते. ती ओढू नका असे मी म्हणत नाही. ओढण्यापूर्वी त्या उंबऱ्याच्या आतल्या माणसाशी बोलावे, एवढेच म्हणतो.

बाजाराची गोष्ट ऐका. बुधवारी गोदाकाठी आठवडे बाजार भरतो. दिंडोरी रस्ता आणि पेठ रस्ता पंचवटीतूनच निघतात, बाजार समितीची आवारेही त्याच बाजूला आहेत. म्हणून माल आणणाऱ्या शेतकऱ्याला आणि विकणाऱ्या बाईला हा काठ सोयीचा. महापालिकेने गणेशवाडीत भाजीमंडई बांधली. इमारत पक्की होती, ओटे होते, डोक्यावर छप्परही होते. पण कित्येक वर्षे ती ओस राहिली आणि विक्री नदीकाठीच चालली. विक्रेत्यांना हट्टी म्हणणे सोपे आहे. पण भाजी विकली जाते ती गिऱ्हाइकाच्या वाटेवर. देवदर्शन करून परतणारी बाई जिन्याने मंडईत जात नाही, ती वाटेवर दिसलेली मेथीची जुडी घेते. हे विक्रेत्या बाईला ठाऊक होते. आखणी करणाऱ्याने तिला आधी विचारले असते तर त्यालाही कळले असते.

हे विचारणे आता कायद्याने बंधनकारक झाले आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनीच निवडून दिलेले असावेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कुणाला उठवता येत नाही, आणि उठवायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तसेच बसायला मोकळे, मर्यादित आणि बंद असे तीन प्रकारचे भाग ठरवावे लागतात. कायदा चांगला आहे. तो वापरणारा जागा असला पाहिजे.

आणि शेवटी पुन्हा नदीच. १९६५ साली वर गंगापूर धरण पुरे झाले, आणि आता पूर आवरला असे लोकांना वाटले. १९६९ ला मोठा पूर आला. सप्टेंबर २००८ मध्ये पुन्हा आला, आणि काठावरच्या वस्तीत व दुकानांत पाणी शिरले. त्यानंतर पाटबंधारे खात्याने गोदेच्या दोन्ही काठांवर रेषा आखल्या. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नाही, दोन्हींच्या मध्ये अटी घालून. गंमत अशी की जे दुतोंड्या मारुती सांगत होता तेच आपण पुढे रंगीत रेषांत लिहिले. पण मधल्या काळात रेषेच्या आत जे जुने वाडे उभे होते, त्यांचे मालक अडचणीत आले. वाडा मोडकळीस आला तरी तो पाडून नवा बांधणे अवघड. पाण्याचे म्हणणे खरे, आणि त्या घरमालकाची काळजीही खरी. दोहोंमधून वाट काढणे हेच नगरपालिकेचे काम.

मग ही वाट काढतो कोण? अधिकारी आराखडा करतात, त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवतात. नियोजन समिती त्या ऐकते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सभासद आणि चारपर्यंत जाणकार असतात. मग आराखडा सर्वसाधारण सभेपुढे व सरकारकडे जातो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने मोठ्या शहरांत प्रभाग समित्याही आल्या. महापालिकेच्या सहा विभागांपैकी पंचवटी एक आहे, आणि तिथल्या गटाराचा, दिव्याचा, बाजाराचा प्रश्न तिथल्या प्रभाग समितीत मांडता येतो. पण सभागृहच नसेल तर? महापालिका १९८२ ला झाली आणि तिची पहिली निवडणूक झाली १९९२ साली. दहा वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुन्हा काही वर्षे तसेच झाले. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, गल्लीतल्या बाईला ज्याच्या दारात जाऊन भांडता येते असा तो माणूस नव्हे.

तुम्ही म्हणाल, आम्ही खेड्यातले, आम्हाला हे कशाला? म्हसरूळ आणि मखमलाबादचे शेतकरीही एके काळी असेच म्हणत होते. शहरे वाढत आहेत, आज ना उद्या तुमच्या शिवारावरही रंग येईल. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते. नकाशा कचेरीत पाहायला ठेवलेला असतो. आपला गट नंबर शोधा, रंग पाहा, पटत नसेल तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. सुनावणीला बोलावले तर स्वतः जा. मुदत टळल्यावर मोर्चे निघतात, पण कागद एकदा पक्का झाला की तो बदलायला वर्षे लागतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला नगरपालिकेची कामे पाठ करून घेण्यापेक्षा एकदा वर्गाला गावाचा नकाशा काढायला लावा. पाणवठा कुठे, बाजार कुठे, पुराचे पाणी कुठवर आले होते, आणि कुठल्या जागेवर पूर्वी कुणाला येऊ देत नव्हते, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून त्यावर लिहायला सांगा. त्या एका कागदावर मुलांना गावाचा इतिहासही दिसेल आणि कायदाही. उद्या त्यांतलाच एखादा आराखडा करणाऱ्याच्या टेबलाशी बसेल, किंवा हरकत घेऊन त्याच्यासमोर उभा राहील. दोन्ही ठिकाणी त्याला त्या कागदाची आठवण व्हावी.