केडगावची भाकर, केडगावचं बायबल

दौंडजवळच्या केडगावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन वाढलं ते दुष्काळात. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून आणि १९०० मध्ये गुजरातेतून अन्नान्न दशा झालेल्या मुली इथे आल्या. माझी पणजी त्या गुजराती मुलींपैकी एक. सुरुवातीला ती अर्धी भाकर ओच्यात लपवून ठेवी, असं आजी सांगायची. उद्या मिळेल याचा भरवसाच नव्हता.

रमाबाईंनी ही भूक स्वतः सोसली होती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेली. म्हणून केडगावात त्यांनी विहिरी खणल्या, शेती केली, दोन हजारांच्या घरातल्या तोंडांसाठी चुली पेटत्या ठेवल्या.

'पोटासाठी बाटल्या' हा टोमणा ख्रिस्ती झालेल्या त्या पिढीने पुष्कळ ऐकला. त्याला उत्तर मिळालं मुक्तीच्या छापखान्यात. भाकरीसाठी येणाऱ्यांची गोष्ट बायबलातही आहे: योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात पाच भाकरींवर तृप्त झालेला जमाव दुसऱ्या दिवशी पुन्हा येशूला शोधत येतो. येशूने त्यांना आदल्या दिवशी जेवू घातलेलं असतं, आता तो त्यांना नाश न पावणाऱ्या अन्नाकडे वळवतो. रमाबाईंनी दोन्ही गोष्टी केल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतराला वर्षानुवर्षं लागली.

छपाई मुलींनीच केली. पणजी खिळे जुळवायची. केसच्या खणातून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उलटी अक्षरं लावायची, काना-मात्रा सांभाळायच्या, प्रूफात चूक निघाली की चिमट्याने खिळा काढून दुसरा बसवायचा. मराठीचा गंध नसलेली ती पोर अशी शास्त्र वाचायला शिकली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

पणजीला भाकर दुसऱ्याने दिली, वचन मात्र तिने स्वतः वाचून, पारखून आपलंसं केलं. पुढे तिला कुणाच्या शिध्याची गरज उरली नाही, तरी वाचन सुटलं नाही. भाकरीसाठी धरलेली श्रद्धा भाकरीबरोबर संपली असती. आमच्या मंडळीत शिध्याच्या पिशव्या भरताना मी तरुणांना हेच सांगते: पिशवी भरून द्या, पण त्या घरातल्या पोरीला वाचायला शिकवल्याशिवाय आपलं काम झालं असं समजू नका.