राखीगढीचा एक सांगाडा आणि त्यावर उभा राहिलेला वाद

हरियाणाच्या हिसार जिल्ह्यातील राखीगढी गावाच्या टेकाडांखाली हडप्पा संस्कृतीचे एक मोठे नगर गाडलेले आहे. दिल्लीपासून हे गाव सुमारे दीडशे किलोमीटर अंतरावर आहे. तेथील दफनभूमीचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञांनी प्रा. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली केले. सांगाड्यांतून ६१ नमुने तपासले गेले. त्यांपैकी केवळ एका नमुन्यातून उपयोगी पडेल इतका डीएनए मिळाला. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मडक्यांसह पुरलेल्या एका स्त्रीचा तो सांगाडा होता. या एका स्त्रीच्या जनुकीय वारशाचा अभ्यास सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि ‘आर्य बाहेरून आले का’ या जुन्या वादाला नवे बळ मिळाले. मूळ शोधनिबंध मात्र या वादातील दोन्ही बाजूंच्या घोषणांपेक्षा बराच संयत आहे.

साठ नमुने निष्फळ ठरले याचे कारण भारतीय हवामानात आहे. मृत्यूनंतर पेशींतील डीएनएचे तुकडे पडू लागतात. उष्णता आणि ओलावा यांमुळे ही झीज वेगाने होते. सायबेरियाच्या गोठलेल्या मातीत हजारो वर्षे टिकणारा रेणू उत्तर भारतातील उन्हाळे आणि पावसाळे सोसत क्वचितच तग धरतो. उरतात ते बहुधा शंभर अक्षरांपेक्षाही लहान तुकडे, आणि तेही मातीतील जिवाणूंच्या डीएनएच्या गर्दीत हरवलेले. त्यामुळे संशोधक कवटीतील आंतरकर्णाभोवतीच्या हाडाकडे वळतात. शरीरातील हे सर्वांत घट्ट हाड असून त्यात डीएनए तुलनेने चांगला टिकतो, हे गेल्या दशकात स्पष्ट झाले आणि उष्ण प्रदेशांतील संशोधनाची दारे काहीशी उघडली.

मिळालेला डीएनए खरोखर प्राचीन आहे की उत्खनन करणाऱ्याच्या हाताचा, हा प्रश्न पुढे येतो. त्याचे उत्तर झीजच देते. जुन्या तुकड्यांच्या टोकांशी सायटोसिन या घटकात रासायनिक बदल होतो व तो थायमिनसारखा वाचला जातो. आजच्या माणसाच्या ताज्या डीएनएत ही खूण नसते. राखीगढीच्या नमुन्यावर हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी आणि अमेरिकेतील हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या प्रयोगशाळांत काम झाले. एकाच नमुन्यातून शंभराहून अधिक वेळा डीएनए मिळवण्याचे प्रयत्न करावे लागले. एवढे करूनही, अशा अभ्यासांत तपासल्या जाणाऱ्या सुमारे १२ लाख जनुकीय स्थानांपैकी जेमतेम ३१ हजार स्थानांची माहिती हाती आली. वंशसंबंधांचा ढोबळ अंदाज बांधण्यास ती पुरते, सूक्ष्म तपशिलासाठी पुरत नाही.

त्या ढोबळ चित्रात काय दिसले? या स्त्रीचा वारसा मुख्यतः दोन प्रवाहांचा होता. एक प्रवाह इराणच्या प्राचीन लोकांशी दूरचे नाते असलेला, तर दुसरा दक्षिण आशियातील प्राचीन शिकारी-संग्राहकांचा, ज्यांचे अतिदूरचे आप्त आज अंदमानात आढळतात. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातील, म्हणजे स्टेपमधील पशुपालकांचा अंश तिच्यात आढळला नाही.

वाद या तिसऱ्या मुद्द्यावर पेटला असला, तरी शोधनिबंधातील अधिक नवा निष्कर्ष पहिल्या प्रवाहाविषयी होता. इराणशी नाते सांगणारी ही शाखा तेथील शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून १२ हजार वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, म्हणजे शेतीचा उदय होण्यापूर्वी. पश्चिमेकडील शेतकरी मोठ्या संख्येने आले व त्यांनी येथे शेती रुजवली, या गृहीतकाला त्यामुळे धक्का बसला. येथील लोकांनी शेती स्वतः विकसित केली किंवा शेजाऱ्यांकडून उचलली, अशी शक्यता बळावली. वृत्तवाहिन्यांवरील चर्चांत मात्र हा भाग जवळजवळ हरवून गेला.

एका सांगाड्यावरून संपूर्ण संस्कृतीविषयी बोलता येईल का, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे अंशतः उत्तर त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या शोधनिबंधात मिळते. वागीश नरसिंहन, डेव्हिड राइक आणि शंभराहून अधिक सहलेखकांच्या या अभ्यासात मध्य व दक्षिण आशियातील ५२३ प्राचीन व्यक्तींचा डीएनए वाचण्यात आला. तुर्कमेनिस्तानातील गोनुर आणि इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे त्यांना अकरा व्यक्ती अशा आढळल्या, ज्यांचा वारसा स्थानिकांपेक्षा वेगळा होता. या दोन्ही ठिकाणांचा हडप्पा संस्कृतीशी व्यापारसंबंध होता. राखीगढीच्या स्त्रीचा वारसा या अकरा जणांशी जुळला. ते सिंधू खोऱ्यातून तेथे गेले असावेत किंवा तशा स्थलांतरितांचे वंशज असावेत, या तर्काला त्यामुळे पुष्टी मिळाली. त्यांच्यातही स्टेपचा अंश नव्हता.

याच दुसऱ्या अभ्यासानुसार स्टेपचा वारसा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० ते १५०० या काळात आला. आजच्या काही भारतीय समूहांत त्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आहे. वसंत शिंदे हे दोन्ही शोधनिबंधांचे सहलेखक आहेत, ही बाब बहुतेक वादविवादांत दुर्लक्षित राहते. राखीगढीचे संशोधन जाहीर करताना त्यांनी आर्यांच्या आक्रमणाचा वा स्थलांतराचा सिद्धान्त मोडीत निघाल्याची भूमिका घेतली होती. परंतु राखीगढीची स्त्री स्टेपचे लोक येण्याच्या काही शतके आधी मरण पावली. तिच्यात त्यांचा अंश नसणे अपेक्षितच होते, आणि नंतर कोणी आलेच नाही असे त्यावरून सिद्ध होत नाही. तिच्या काळात, निदान तिच्या वसाहतीत, ते मिसळले नव्हते एवढेच म्हणता येते. दुसऱ्या बाजूने घोड्यांवरून आलेल्या विजेत्यांची जी चित्रे रंगवली जातात, त्यांनाही डीएनएत आधार नाही. वारसा मिसळला हे डीएनए सांगतो. तो तलवारीने मिसळला की विवाहाने, हे सांगत नाही. भाषा तर हाडांत उरतच नाही. ती स्त्री कोणती भाषा बोलत होती, हे सिंधू लिपी वाचली जाईपर्यंत तरी अनुमानाच्याच कक्षेत राहील.

हा तपशील केवळ तज्ज्ञांपुरता नाही. २०२४ मध्ये एनसीईआरटीने बारावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राखीगढीच्या डीएनए संशोधनाचा मजकूर समाविष्ट केला. एका सांगाड्याच्या ३१ हजार स्थानांवरून काढलेला निष्कर्ष विद्यार्थी कोणत्या मर्यादांसह वाचतात, हा आता शिक्षणाचाही प्रश्न झाला आहे.

वाद मिटायचा तर आणखी नमुने हवेत, आणि तेथेच अडचण आहे. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन दफने मोठ्या संख्येने सापडली. त्यांत मडक्यांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरलेली लहान मुलेही होती. त्या काळी हाडे उघड्या हातांनी उचलणे, पाण्याने धुणे आणि टिकावीत म्हणून त्यांवर रसायनांचा लेप देणे ही देशोदेशीच्या उत्खननांतील सर्वमान्य पद्धत होती. डीएनएच्या दृष्टीने हे तिन्ही उपचार घातक ठरतात. आता नमुना काढणारे संशोधक हातमोजे व मुखपट्टी घालतात आणि हाड मातीतून निघताच, न धुता, बंद पिशवीत ठेवतात.