नऊ नंबरचा गडी

बर्फ म्हटला की आमच्या गावातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे गोळेवाल्याची गाडी उभी राहते आणि हॉकी म्हटली की ध्यानचंद. या दोहोंचा मिळून एक खेळ होतो आणि त्यापायी एक अख्खा देश वेडा होतो, असे मी वर्गात सांगू लागलो की मुले 'गुरुजी आज थापा मारताहेत' अशा नजरेने पाहतात. त्यांचा दोष नाही. मी स्वतः उभ्या जन्मात गोठलेल्या तळ्यावर पाऊल ठेवलेले नाही. तरीही वयाच्या आठव्या वर्षापासून मी या खेळाचा भक्त आहे, आणि त्याचे श्रेय माझ्या थोरल्या मामांचे.

मामा कॅनडात, माँट्रियल शहरी, एका यंत्रशाळेत कामाला होते. त्यांच्या पत्रांतून आईसाठी खुशाली यायची आणि माझ्यासाठी वर्तमानपत्रांची कात्रणे. त्यांतल्या एका जुन्या छायाचित्रात नऊ नंबरचा अंगरखा घातलेला एक गडी समोरून चाल करून येत होता. त्याचे डोळे असे पेटलेले, की मी ते कात्रण रात्री उशाशी ठेवीत नसे. खाली मामांच्या अक्षरात नाव होते : मोरीस रिशार.

खेळ तसा समजायला सोपा. २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाचे मैदान, भोवती कठडा. दोन्हीकडे सहा-सहा गडी. पायांत पोलादी पात्यांचे बूट, हातांत लांब काठी. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची; बर्फावर तिने उड्या मारू नयेत म्हणून सामन्याआधी ती गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. अंगाला अंग भिडवणे नियमात बसते. त्यामुळे माणसे जितक्या वेगाने धावतात तितक्याच वेगाने तापतात.

छपराखालचा पहिला नियमबद्ध सामना माँट्रियलमध्येच, ३ मार्च १८७५ रोजी झाला. १८९२ साली गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनी चांदीचा एक करंडक दिला, तो हौशी खेळाडूंसाठी. पण हौसेमागून तिकीट आले आणि तिकिटामागून पगार. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलच्या विंडसर हॉटेलात धंदेवाईक संघांची नॅशनल हॉकी लीग स्थापन झाली. १९४२ ते १९६७ ही पंचवीस वर्षे तीत अवघे सहाच संघ होते. सहा संघ म्हणजे जेमतेम सव्वाशे नोकऱ्या! गड्याने एकदा सही केली की तो त्या मालकाचा. आपणहून दुसऱ्या संघात जाण्याची सोय नाही. १९५७ साली डेट्रॉइटच्या टेड लिंडसेने खेळाडूंची संघटना उभारायला घेतली, तर त्याच वर्षी त्याची शिकागोला रवानगी झाली. मैदानावरचा राजा कचेरीत नोकरच होता.

रिशार हा असाच एक नोकर. जन्म ४ ऑगस्ट १९२१ चा, माँट्रियलचा. वडील रेल्वेच्या कारखान्यात कामगार. तो क्वेबेक प्रांतातला फ्रेंच बोलणारा माणूस होता आणि त्या काळी याचा अर्थ फार मोठा होता. प्रांतात बहुसंख्य लोक फ्रेंच. पण बँका, कारखाने, कचेऱ्या यांची सूत्रे बहुतांशी इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती. यंत्रावर फ्रेंच, खुर्चीवर इंग्रज. अशा शहरात १९४४-४५ च्या हंगामात या अबोल माणसाने ५० सामन्यांत ५० गोल केले. तोवर एका हंगामात हा पल्ला कोणीच गाठला नव्हता. लोक त्याला 'रॉकेट' म्हणत. ज्यांना साहेबापुढे मान वर करता येत नव्हती, त्यांच्या वतीने तो शनिवारी रात्री कोणापुढेही मान लववीत नव्हता.

पण त्याचा राग वाईट होता. १३ मार्च १९५५ रोजी बॉस्टनला हाल लेको या गड्याची काठी त्याच्या डोक्याला लागली आणि रक्त वाहू लागले. रिशारने उलटून लेकोवर काठी चालवली. पंचांनी धरले तरी तो पुन्हा पुन्हा सुटला आणि शेवटी क्लिफ थॉम्प्सन या पंचाच्या तोंडावर त्याने ठोसे मारले. तीन महिन्यांपूर्वी टोरोंटोलाही त्याने एका पंचावर हात उगारला होता. १६ मार्चला लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी निकाल दिला : हंगामातले उरलेले तीन सामने आणि नंतरचे करंडकाचे सारे सामने रिशारला बंद. लेकोला मात्र मैदानावर काही मिनिटांची शिक्षा झाली होती, तेवढीच.

कॅम्पबेल विद्वान होते, वकील होते; महायुद्धानंतर त्यांनी युद्धगुन्हेगारांवरचे खटले चालवले होते. पण वर्षभरापूर्वी याच रिशारने एका फ्रेंच वर्तमानपत्रात त्यांना हुकूमशहा म्हटले, तेव्हा त्याला आपले सदर बंद करावे लागले होते आणि हजार डॉलर हमी म्हणून ठेवावे लागले होते. लोक हे विसरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, १७ मार्चला, माँट्रियलच्या फोरममध्ये डेट्रॉइटशी सामना होता. धमक्या येऊनही कॅम्पबेल सामना पाहायला आले. त्यांच्यावर अंडी आणि टोमॅटो यांचा वर्षाव झाला. पहिला डाव संपला तेव्हा डेट्रॉइटचे ४ गोल होते, माँट्रियलचा १. इतक्यात कोणीतरी अश्रुधुराचे नळकांडे फोडले. सामना थांबला, डेट्रॉइटला विजयी ठरवण्यात आले, आणि हजारो माणसे सेंट कॅथरिन रस्त्यावर लोटली. मध्यरात्र उलटेपर्यंत दुकानांच्या काचा फुटत होत्या. १८ तारखेला रिशारने स्वतः ध्वनिक्षेपकासमोर येऊन, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, लोकांना शांत राहायला सांगितले. आपण शिक्षा मान्य करतो आणि पुढल्या वर्षी परत येतो, असे सांगितले. शहर शांत झाले.

आंद्रे लोरांदो या संपादकाने काही दिवसांतच लिहिले, की हा संताप एका खेळाडूपुरता नाही, तो एका समाजाचा आहे. १९६० नंतर क्वेबेकमध्ये जे मोठे परिवर्तन झाले, त्याची चाहूल या रात्रीत पुष्कळांना ऐकू येते. रिशार मात्र जन्मभर म्हणत राहिला, की मी नुसता हॉकी खेळणारा माणूस आहे.

लहानपणी माझ्या लेखी कॅम्पबेल म्हणजे साक्षात कंस. पुढे मी मास्तर झालो आणि पक्ष बदलला. पंचाला मारणाऱ्याला शिक्षा नको तर काय? अंगी कितीही गुण असोत, नियम तो नियम! मामांशी पत्रांतून मी पुष्कळ वाद घातला.

मग एक दिवस माझ्या वर्गात एका वस्तीवरच्या मुलाने दुसऱ्याच्या तोंडावर लाकडी पट्टी मारली. ओठ फाटला. मी त्याला स्नेहसंमेलनातल्या नाटकातून काढून टाकले. त्यात त्याची मुख्य भूमिका होती. दुसऱ्या दिवशी त्या वस्तीवरचे एकही मूल शाळेत आले नाही. नियमाने माझे काही चुकले नव्हते. परंतु तो दुसरा मुलगा कित्येक आठवडे याच्या बोलीची नक्कल करीत होता, सारा वर्ग हसत होता, आणि वाचकहो, मला ते ठाऊक होते. एकदा मीही हसलो होतो.

संध्याकाळी मी वस्तीवर गेलो. शिक्षा मी मागे घेतली नाही. पण वर्गापुढे माझी चूक मी कबूल केली. त्या रात्री मला फोरममधले कॅम्पबेल आठवले. निकाल योग्य असेल. पण आधीच्या चेष्टेकडे डोळेझाक करणाऱ्याच्या तोंडून तो आला, की ऐकणाऱ्याला त्यात न्याय ऐकू येत नाही.

त्या वर्षी करंडक डेट्रॉइटने नेला. त्यानंतर १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे तो माँट्रियलकडे राहिला आणि ५४४ गोल नावावर ठेवून रिशार निवृत्त झाला. ११ मार्च १९९६ रोजी जुन्या फोरमला निरोप देताना तो बर्फावर आला, तेव्हा लोक उभे राहून कितीतरी मिनिटे टाळ्या वाजवीत होते आणि तो डोळे पुशीत होता. २७ मे २००० रोजी तो वारला, तेव्हा अंत्यदर्शनाला लाखाहून अधिक माणसे आली.

मामा आता नाहीत. ते कात्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे. मुले ते बघतात आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "गुरुजी, यानेच पंचाला मारले ना?"

"हो, मारले."

"मग तुम्हाला हा कसा आवडतो?"

मग मी खडू खाली ठेवतो आणि पहिल्यापासून सांगायला लागतो.