नेच्याचे नाव चुकले तेव्हा

हजेरीपटावर नाव चुकले की एकाचा पगार दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, हा आम्हां कामगार-चळवळीतल्या माणसांचा जुना अनुभव. साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांचेही असेच झाले.

या नेच्याला बी धरत नाही; तुटला तुकडा की झाले नवे झाड. पानावरचे चार-चार केस टोकाशी जुळून बारीक पिंजरा होतो, ही त्याची खूण. झांबेझी नदीवर १९५८ साली कारिबाचे पाणी अडले, आणि १९६२ पर्यंत सुमारे १००० चौरस किलोमीटर जलाशय याने झाकला. लोक त्याला 'ऑरिक्युलाटा' समजले, त्या जातीवरचे किडे आणले, काम भागेना. १९७२ साली मिचेल यांनी जात वेगळी ठरवून 'मोलेस्टा' नाव दिले. मग १९७८ साली मूळ घर सापडले, आग्नेय ब्राझीलमध्ये. तिथला सोंडवाला भुंगेरा १९८० साली ऑस्ट्रेलियात मूनडारा तलावात सोडला. वर्ष-सव्वा वर्षात सुमारे १८,००० टन नेचे नाहीसे झाले. गंमत अशी, की या भुंगेऱ्याचेही नाव चुकलेलेच होते. ते १९८५ साली सुधारले!

केरळात तो १९८३-८४ च्या सुमारास आला. तिथे या 'आफ्रिकन पायला'ने कालवे तुंबत, होड्या अडत, भातखाचरांतून तो हातांनी उपसावा लागे. काही वर्षांत पाणी मोकळे झाले. खुरपणीचा खर्च वाचला म्हणतात. तो खर्च म्हणजे कुणाची तरी मजुरी होती, एवढे आम्ही नोंदवून ठेवतो. भुंगेरा नेचे समूळ संपवीत नाही. थोडे उरते, त्यावरच तो जगतो.