ओल्या गिलाव्याचं छत

गंगापूरच्या आमच्या स्वयंपाकघराच्या छताला नवा गिलावा झालाय. आईला दिवाळीआधी ऑइल पेंट हवाय, धुरकट झालं की पुसता येतो म्हणून. मी म्हणतो, थांबूया. कारण जवळच आहे : वेरूळ आणि अजिंठा.

अजिंठ्याच्या कारागिरांनी मातीच्या गिलाव्यात भाताचं तूस, गवत कालवलं, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि रंग लावले ते वाळलेल्या थरावर. वेरूळच्या गिलाव्यात तर भांगेचे तंतू सापडल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. (हो, तीच भांग!) तंतूंमुळे गिलावा धरून राहतो. छताला हे जास्तच हवं, तिथे सगळं वजन खाली ओढतं.

इटलीत उलटं. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये सिस्टाइन चॅपेलचं छत रंगवलं ते ओल्या चुन्यावर. चुना घट्ट होताना रंग त्यातच अडकतो.

आपला सिमेंटचा गिलावा आणि ऑइल पेंट यात ती सोय नाही. आतली ओल कोंडते, फुगे येतात, पापुद्रे भाजीत पडतात. म्हणून महिनाभर वाळू द्यायचं, मग प्रायमर, मग धुता येणारा इमल्शन, दोन हात. यंदाची दिवाळी कोऱ्या छताखाली. आईला अजून पटलेलं नाही.