आजारपणाचा सामायिक हिशेब : प्रस्तावना

कामाच्या मोबदल्यातला एक भाग कामगाराच्या हातात कधीच पडत नाही. पगार दिसतो, दिवाळीचा बोनस दिसतो. आरोग्याची तरतूद मात्र आजारी पडल्याखेरीज दिसत नाही. ती तपासून पाहायची वेळ येते तेव्हा घरातले माणूस अंथरुणाला खिळलेले असते आणि वाद घालण्याचे त्राण कुणातच नसते. म्हणून ही तरतूद कशी असावी, हे मालक आणि कामगार यांनी सगळे धडधाकट असताना एकत्र बसून ठरवावे, एवढ्यासाठी आरोग्य-लाभ समिती. विषय रुक्ष वाटेल, हे मान्य. तरीही वाचकांनी थोडा धीर धरावा. जामनेरसारख्या तालुक्याच्या गावातून त्याकडे पाहिले, तर त्यात गुंतून पडावे असे पुष्कळ आहे.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. 1943 मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम आले आणि 1944 मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. तिचा कारभार पाहणाऱ्या महामंडळात सरकारबरोबर मालकांचे, कामगारांचे आणि वैद्यकीय व्यवसायाचे प्रतिनिधी बसतात. पैसाही दोघांचा: 2019 पासून मालकाचा वाटा वेतनाच्या 3.25 टक्के, कामगाराचा 0.75 टक्का. ज्याचा पैसा, त्याला बोलण्याचा हक्क, हे तत्त्व देशाच्या कायद्यात इतक्या लवकर आले आणि त्याचा आराखडा एका आडारकरांच्या हातचा होता, याचा मराठी वाचकाने थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

आता जामनेरकडे वळू. हा कापसाचा तालुका. दिवाळीच्या सुमारास जिनिंग सुरू होतात. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, प्रेसमधून गाठी. रोलरवर कापूस सोडणारी माणसे दिवसभर त्या उडणाऱ्या तंतूंत उभी असतात. या माणसांना वर सांगितलेल्या विम्याचा आधार असेल, असे तुम्हाला वाटेल. तसा तो नाही. 1948 च्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि हंगामी कारखान्याची व्याख्या करताना ज्या उद्योगांची नावे घेतली, त्यांत पहिलेच नाव कापसाच्या जिनिंगचे होते. त्यामागे प्रेसिंग, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ. कायदा करणाऱ्यांचा यात दुष्टावा नव्हता. वर्षातले काही महिने चालणाऱ्या कामाची वर्गणी मोजायची कशी, ही अडचण खरी होती. पण परिणाम असा, की खानदेशात ज्या कामाने पिढ्यान्‌पिढ्या मजुरी दिली, तेच काम व्याख्येत बाहेर राहिले.

म्हणजे इथे समिती आयती मिळत नाही, ती उभी करावी लागते. तिच्यासाठी नमुने दूर शोधायला नकोत. 1969 च्या माथाडी कायद्याने मंडळांत मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान बसवले. मजुरीबरोबर मालकाने लेव्ही भरायची आणि त्यातून इतर हक्कांसोबत औषधोपचारही. दुसरा नमुना पुण्यातल्या अपलिफ्टचा. वस्त्यांमधल्या कुटुंबांच्या या परस्पर-साहाय्य निधीत दावा मंजूर करायचा की नाही, हे सभासदांचेच प्रतिनिधी एकत्र बसून ठरवतात. मला हा दुसरा नमुना अधिक शिकवणारा वाटतो. दुरून आलेला नकार अन्याय वाटतो; आपल्यातल्याच माणसाने, निधीत किती उरले आहे ते दाखवून दिलेला नकार पचतो.

नवख्या वाचकांनी या विषयात शिरताना योजनांच्या पत्रकांपासून सुरुवात करू नये. त्याऐवजी समितीपुढे कागद येतो तेव्हा काय होते, ते पाहावे. समजा, जिनिंगमधल्या एका बाईचे बाळंतपण आले. त्यावर फारसा वाद नाही. निधी त्यासाठीच आहे. समजा, एकाचा हात रोलरमध्ये सापडला. इथे समितीने सावध राहायला हवे, कारण कामावरच्या अपघाताची भरपाई कायद्याने एकट्या मालकावर टाकलेली आहे. दयेपोटी सामायिक निधीतून ते बिल भागवले, तर मालकाचे देणे कामगारांच्या वर्गणीतून फिटले, असे होईल. चांगल्या मनाच्या समित्या नेमक्या इथे चुकतात.

तिसरा कागद सर्वांत अवघड: खोकला. मुकादम म्हणतो बिडीचा, कामगार म्हणतो रुईचा. कापसाच्या धुळीने फुप्फुसांना होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो आहे. त्याची एक खूण आहे. सुट्टीनंतर कामावर येण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि आठवडा सरतो तसतसे, निदान सुरुवातीच्या काळात, बरे वाटत जाते. म्हणून समितीच्या वहीत तक्रारीच्या तारखेशेजारी मागच्या सुट्टीची तारीख लिहिण्यासाठी एक रकाना आखावा. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यापुढे ठेवायला दोन महिन्यांच्या नोंदी असल्या, तर नुसत्या आरोपापेक्षा त्यांचे वजन जास्त. त्याच वहीत नावाऐवजी क्रमांक असावा, हेही जाता जाता सांगून ठेवतो. जामनेरात कुणाला काय झाले, हे संध्याकाळपर्यंत चौकात पोचते.

याशिवाय सरकारी आधार आहेच. जुलै 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत शेजारचा धुळे जिल्हा होता. आज ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. मोठ्या शस्त्रक्रिया तिच्यावर सोपवाव्यात. ती योजना बुडालेली मजुरी भरून देत नाही, औषधांच्या दुकानातली रोजची बिलेही फेडत नाही. स्थानिक निधीने आपली जागा तिथे शोधावी.

आणि एक प्रश्न वाचकांनी पहिल्या पानापासून जवळ ठेवावा. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, बाहेरून आलेली माणसे आपापल्या गावी जातात. खोकला मात्र त्यांच्याबरोबर जातो. वर्गणी सहा महिन्यांची आणि आजार बारमाही, तेव्हा पावसाळ्यात दूरच्या गावाहून आलेला दावा मान्य करायचा का, मंजूर झालेली रक्कम पाठवायची कशी आणि पुढच्या दिवाळीला तो माणूस वेगळ्याच जिनिंगमध्ये लागला तर त्याचे खाते कुणाचे? एका कारखान्याच्या समितीला हे पेलणार नाही. तालुक्यातल्या चार जिनिंगवाल्यांनी एकच वही ठेवली तर कदाचित पेलेल.