"मालक, तुम्ही फक्त किल्ली घ्यायला या!"

आमच्या मराठवाड्यात घर बांधायला काढलं की गुत्तेदाराच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. "मालक, तुम्ही काही बघू नका. फक्त किल्ली घ्यायला या." ऐकायला बरं वाटतं. पण मालकाच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. घरात दोन पोरं मोकळी आहेत, विटा वाहू, पाणी मारू, तेवढीच मजुरी वाचेल. मग दोन महिन्यांत वाजतं. गुत्तेदार म्हणतो, मालकाची लुडबूड फार. मालक म्हणतो, याला काहीतरी लपवायचंय.

घरमालकाला त्याच्याच घराच्या कामात हात लावू द्यावा की नाही? प्रश्न किरकोळ वाटतो. पण याच प्रश्नाची देशातली एक मोठी परीक्षा आपल्याच लातूर-धाराशिव भागात झालेली आहे. निकाल गावोगाव उभा आहे. तो वाचायचं मात्र आपण विसरलो. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात थोडी मागून करू.

जुन्या गावात 'घर बांधून देणारा' असा एक माणूस नव्हताच. सुतार होता, लोहार होता, दगड घडवणारा पाथरवट होता, गवंडी होता. पण काम चालवायचा घरधनी. लाकूड त्याने बघून आणायचं, माती घरच्यांनी तुडवायची, दगड वाहायला भावकी यायची. शेतात जशी सावड, तशीच घराला. आपल्याकडची माळवदाची घरं अशीच उभी राहिली. घर किती मोठं, तर पाच खणांचं, सात खणांचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि भोवती दोन-दोन फुटांच्या दगडी भिंती. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, हे दरवर्षीचं घरचंच काम.

गुत्तेदारी आली ती मुख्यतः सरकारी कामांतून. १८५४ साली डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. रस्ते, पूल, कालवे, कचेऱ्या. काम एवढं मोठं की ते वाटून द्यावंच लागे. निजामाच्या मुलखातही कामं गुत्त्यानेच दिली जात. आपण आजही 'कंत्राटदार' न म्हणता 'गुत्तेदार' म्हणतो, ती त्या राजवटीचीच आठवण.

पण त्या पद्धतीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकारी कामात तीन माणसं असतात. पैसा देणारा मालक, काम करणारा गुत्तेदार आणि मालकाच्या वतीने तपासणारा इंजिनिअर. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. ही व्यवस्था कितपत पाळली जाते हा वेगळा विषय, पण कागदावर तिवईला तीन पाय आहेत.

आपण घरासाठी गुत्तेदार घेतला तेव्हा तिवईचा एक पाय आणलाच नाही. इंजिनिअरचा खर्च कशाला, नकाशा परवानगीपुरता झाला की बास. राहिले दोघेच. त्यातल्या एकाला काम कळतं आणि दुसऱ्याला 'किल्ली घ्यायला या' म्हणून सांगितलेलं. मग लुडबूड आणि लपवालपवी याशिवाय दुसरं काय होणार?

आता ३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलेलं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, गुबाळ, पेठसांगवी... सुमारे ८ हजार माणसं गेली. भूकंप खूप मोठा होता असंही नाही. जगात यापेक्षा मोठे धक्के कितीतरी ठिकाणी एवढी माणसं न घेता गेले. माणसं मारली ती घरांनी.

कशी, ते समजून घेतलं पाहिजे. दोन फुटांची भिंत म्हणजे सलग दोन फूट दगड नव्हता. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये माती-गोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धक्क्याने भिंतीचे दोन थर फाकले आणि कोसळले. वर दरवर्षी माती टाकून टाकून जड झालेलं माळवद. जिथे लाकडी सांगाडा चांगला होता, तिथे भिंती पडूनही कित्येक ठिकाणी छप्पर खांबांवर उभं राहिलेलं दिसलं.

म्हणजे मालकाचा हात लागला की घर चांगलंच होतं, असं म्हणणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. माळवदावर दरवर्षी माती टाकणारा हात मालकाचाच होता. त्याची मेहनत खोटी नव्हती. फक्त भार किती वाढतोय, हे सांगणारं कुणी नव्हतं.

भूकंपानंतर पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. १९९४ साली जागतिक बँकेचं कर्ज मिळालं. आणि एकाच सरकारने, एकाच भागात, एकाच वेळी घरं उभी करायच्या दोन पद्धती वापरल्या.

पहिली पद्धत पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या ५२ गावांची. ही गावं नव्या जागी हलवली. घरं गुत्तेदारांनी बांधली, काही सामाजिक संस्था आणि देणगीदारांनी बांधून दिली. जमिनीच्या हिशोबाने घराचं माप ठरलं. भूमिहीन आणि १ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, १ ते ७ हेक्टरवाल्याला ४००, त्यावरच्याला ७५०. गावांशी बोलणी झाली, काही संस्थांनी मन लावून लोकांना विचारलंही. पण एकंदर रीत अशी की नकाशा वरून आला, काम गुत्तेदाराने केलं आणि कुटुंबाला तयार घर मिळालं.

घरं भूकंपाला तोंड देतील अशी होती, हे मान्य केलंच पाहिजे. पण गाव बसेना. सरळ रेषेतले रुंद रस्ते, शहरातल्या वसाहतीसारखे प्लॉट. घरं मापाप्रमाणे रांगेत लागली आणि भावकी पांगली. म्हातारी एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला. जनावरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, बाईने उघड्यावर न दिसता अंघोळ कुठे करायची, याचं उत्तर त्या नकाशात नव्हतं. मग लोकांनी आपल्या हाताने पत्र्याची शेडं, आडोसे, भिंती उभ्या केल्या. म्हणजे मालकाचा हात अखेर लागलाच. पण सगळं झाल्यावर, आणि कुणाच्या सल्ल्याविना.

दुसरी पद्धत होती दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. १३ जिल्ह्यांत विखुरलेली, तडे गेलेली, अर्धवट पडलेली दोन लाखांच्या आसपास घरं. एवढ्या घरांना गुत्तेदार आणणार कुठून? तेव्हा पैसे टप्प्याटप्प्याने घरमालकाच्याच हाती द्यायचं ठरलं. सिमेंट-सळई त्याने बघून आणायची, गवंडी त्याने ठरवायचा, घरच्यांनी अंगमेहनत करायची. सरकारी इंजिनिअरने काय करायचं ते सांगायचं आणि काम तपासून पुढचा हप्ता सोडायचा.

बघा, तिवईचे तिन्ही पाय इथे सापडले. मालक, गवंडी, इंजिनिअर.

तरी सुरुवातीला गाडं अडलं. बाईमाणसाला इंजिनिअर काय म्हणतोय ते कळेना आणि इंजिनिअरला घरोघर फिरणं जमेना. तेव्हा गावातल्याच बायांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने शेकडो गावांत हे काम उभं केलं. ज्या बायांना तोवर ग्रामपंचायतीच्या पायरीवरही कुणी बसू देत नव्हतं, त्या कोपऱ्यातली सळई, भिंतीवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आरपार दगड यावर बोलू लागल्या. 'एवढं पाणी घातलं तर माल पातळ होईल' हे गवंड्याला सांगू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं, तेव्हा आपल्या भागातल्या बाया तिकडे जाऊन तिथल्या बायांना हेच सांगून आल्या. गुजरात सरकारनेही बहुसंख्य घरांसाठी पैसा मालकाच्या हाती, बांधकाम मालकाच्या देखरेखीत, हाच मार्ग धरला. तिथल्या पाहणीत मालकांनी बांधलेल्या घरांबद्दलचं समाधान, नव्या जागी गुत्तेदाराने बांधून दिलेल्या घरांपेक्षा जास्त आढळलं.

पण या पद्धतीचं नुसतं कौतुक करूनही चालणार नाही. दगडाची धास्ती एवढी बसली होती की खूप जणांनी जुनी भिंत मजबूत करायचं सोडून त्या पैशात शेजारी वीट-सिमेंटची एक नवी खोली काढली. खोली पक्की झाली, जुनं घर मात्र होतं तसंच राहिलं, आणि माणसं त्यातही झोपत राहिली. मालकाच्या हाती पैसा आला, निर्णय आला. समज पोचायला उशीर झाला, की असं होतं.

या सगळ्याचा आजच्या आपल्या भांडणाशी संबंध काय? सरळ आहे.

'मालकाला हात लावू द्यावा का' हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या कामाला, कोणत्या वेळी आणि कुणाच्या सांगण्यावरून, हा उरलेला अर्धा.

गुत्तेदारांची बाजू खोटी नाही. मालकाचा पोरगा सेंट्रिंगवरून पडला तर जबाबदार कोण? अर्ध्या भिंतीनंतर 'इथे खिडकी पाहिजे होती' म्हटल्यावर वाढीव खर्च कुणाचा? मालकाने विटा वेळेवर आणल्या नाहीत आणि गवंडी दोन दिवस बसून राहिला, तर त्याची हजेरी कोण देणार? सळई बांधणं, सेंट्रिंग, स्लॅब, वायरिंग ही हौसेने करायची कामं नव्हेत. तिथे मालकाने हात लावू नये. डोळा मात्र ठेवावा. स्लॅब ओतायच्या आधी सळई बघायचा हक्क मालकाला आहेच, कारण एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते देवालाच ठाऊक.

आणि पाणी मारणं? ते तर मालकाचंच काम. बांधकामाला किमान ७ ते १० दिवस, कडक उन्हात १४ दिवस ओल पाहिजे. गुत्तेदाराचा माणूस सकाळी एकदा पाइप फिरवून दुसऱ्या साइटवर जातो. घरातली म्हातारी मात्र दिवसातून चारदा मारते. तिचा हात त्या घराला जेवढी ताकद देतो, तेवढी दोन पोती जादा सिमेंटही देत नाही.

हे सरकारलाही कळलेलं आहे. १९८५ साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेतच घर लाभार्थ्याने बांधायचं, गुत्तेदार आणायचा नाही, असा दंडक होता. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातही तेच तत्त्व. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी, वर ९० दिवसांची अकुशल मजुरी रोजगार हमीतून. म्हणजे स्वतःच्या घरावर घाम गाळला तर त्याची हजेरी लागेल, हे सरकारने नियमातच लिहिलं.

आणि प्रत्यक्षात? तालुक्याच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा. "घरकुल एकाला अंगावर दिलंय." हप्ता खात्यावर आला की त्याच्या हाती. जोत्याचा फोटो, हप्ता. लिंटलचा फोटो, हप्ता. फोटो बघायला माणूस आहे, माल बघायला कुणी नाही. शेवटचा हप्ता संपतो तेव्हा गिलावा बाकी असतो, दाराला पोतं लावलेलं असतं आणि गुत्तेदाराचा फोन लागत नाही. नियमाने मालक केलेला माणूस स्वतःच्याच घराचा पाहुणा होतो.

यात सगळा दोष गुत्तेदाराचा नाही. एवढ्या पैशात घर पुरं होणं त्यालाही जड जातं. दोष आहे तो तिसऱ्या पायाचा. १९९४ नंतर आपल्याच गावांत जे जमलं होतं, ते आज का जमू नये? दहा-पंधरा घरकुलांमागे एक गावातलीच शिकलेली बाई, जिला जोतं, पट्टा, सळई, पाणी एवढं कळतं. आठवड्याला एक दिवस खरोखर साइटवर येणारा इंजिनिअर. आणि साध्या कागदावर लिहिलेलं, कुठलं काम मालकाचं, कुठलं गुत्तेदाराचं, कुठल्या टप्प्याला किती पैसे. ग्रामसभेत ठराव घेऊन एवढं मागता येतं. मागायला पैसे लागत नाहीत.

चांगल्या गुत्तेदारालाही हे परवडतं. डोळ्यादेखत झालेल्या कामावर मालक नंतर भांडत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, "मालक, फक्त किल्ली घ्यायला या," तर एवढंच विचारा: "आणि पाया भरताना कधी येऊ?"